बाबलदादांची अट

बाबलदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या घरामागच्या परड्यातल्या फणसाखालीच उभा होतो. झाडाला यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं, एकच, अगदी बुंध्याशी. ते पिकलं की दादांकडे न्यायचं आणि आठ वर्षं पोटात दडवलेली एक लबाडी त्यांच्यापुढे कबूल करायची, असं मी ठरवून टाकलं होतं. "मास्तरानू, काका गेले," त्यांचा पुतण्या म्हणाला. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. सगळ्या गावाला थांबायला लावणाऱ्या या माणसाला स्वतःला चार आठवडे थांबता येऊ नये...

घराला लागून असलेलं झाड कौलाला धक्का न लावता उतरवावं ते दादांनीच. देवबागपासून वालावलपर्यंत लोक त्यांना बोलवायला येत. पण त्यांची एक अट होती. तोडायच्या झाडाच्या बदल्यात मालकानं आधी स्वतःच्या हातानं दुसरं लावायचं, ते रुजून त्याला दोन पानं फुटली की मगच हे कुऱ्हाड घेऊन येणार. लोक चिडत, मागून नावं ठेवत आणि शेवटी मुकाट्यानं लावत. मीही त्यातलाच.

त्या वर्षी आमचा जुना रायवळ आंबा आईच्या खोलीवर कलला होता. बुंधा आतून पोकळ. वारा सुटला की वरून करकर ऐकू येई आणि मी जेवता जेवता हात थांबवून छपराकडे बघत बसे. आई म्हणजे हट्टाचा गोळा. "ह्या खोलयेत मी सून म्हणान इलंय, हयसून हलूचंय नाय," एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करी. वनखात्याच्या ऑफिसातून झाड तोडायची परवानगी आली होती. मी दादांना हातापाया पडून बोलावलं. त्यांनी आंब्याभोवती एक फेरी मारली, बुंध्यावर थाप मारून कान लावला आणि माझ्या हातावर फणसाच्या पाच आठळ्या ठेवल्या.

"पयलां ह्यो लावा."

"दादा, पाऊस तोंडावर आलाय. आई खाली झोपते."

"म्हणानच सांगतंय, आजच लावा."

लावल्या. रोज सकाळी मी परड्यात जाऊन उकिडवा बसे. वीस दिवस झाले, कोंबाचा पत्ता नाही. एका दुपारी वळवाच्या वाऱ्यात आंब्याची फांदी मोडून आईच्या खिडकीसमोर पडली आणि माझा धीर सुटला. मी तडक कुडाळला गेलो, नर्सरीतून फणसाचं तयार रोप आणलं आणि आठळ्यांच्या जागी पुरलं. पिशवीसकट. पिशवी काढली की रोप चार दिवस मान टाकतं, आणि मला दादांना टवटवीत पानं दाखवायची होती. मुलांना कॉपी करताना पकडून कान पिळणारा मी मास्तर, चोरासारखा इकडेतिकडे बघत माती थापत होतो.

दादा आले. रोपाशी बसले. पानं मोजल्यासारखं केलं, बोटानं माती जरा चाचपली.  ते उठून हात झटकत म्हणाले, "बरां. फाल्यां येतंय."

दुसऱ्या दिवशी ते दोरखंड घेऊन वर चढले. आई खोलीतच. त्यांनी वरूनच हाक दिली, "काकी, भायर येवा. तुमी आत आसलात तर माझो हात चलाचो नाय." ती बाहेर आली, आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून. शेवटची मोठी फांदी सुटली तेव्हा दोर सरकन घसरला आणि ती छपरापासून वीतभर अंतरावर येऊन लटकत राहिली. दादांनी पायानं दोर आवळून धरला होता.  फांदी हळूहळू अंगणात टेकली आणि आई मटकन खाली बसली.

"काकीक आत घेवन जावा," दादा म्हणाले, "मी हत्यारां आवरतंय."

पाऊस लागला की पिशवी काढायची, असं मी मनाशी म्हटलं होतं. पण आई आजारी पडली आणि ते राहून गेलं. आठवलं तेव्हा रोपाला नवी पालवी आली होती. उकरायला भीती वाटली, दादांना सांगायची लाज वाटली. रोप वाढत गेलं. मुळांनीच पिशवी फोडली असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. दादा वाटेत भेटले की विचारत, "फणस कसो आसा?" मी "बरो आसा" म्हणून नजर चुकवी.

बारावं झाल्यावर फणस पिकला. तो घेऊन मी दादांच्या बायकोकडे, वहिनींकडे गेलो आणि जे दादांना सांगायचं ते त्यांना सांगितलं. वहिनी आत गेल्या आणि दादांची हत्यारांची पेटी घेऊन आल्या. करवतीची कानस एका काळ्या, जाड पिशवीत गुंडाळून ठेवली होती. पिशवीला खाली नर्सरीची भोकं, आणि एका बाजूनं ती कोयत्यानं सरळ उभी चिरलेली.

"तुमच्या परड्यातसून काडून हाडल्यानी, आंबो तोडलो त्या दिवशी," वहिनी म्हणाल्या. "माका म्हणाले, मास्तराक सांगू नको. त्यांनी ह्यां काकीच्या काळजीन केल्यानी."

फणस मीच फोडला. पहिला गरा दादांच्या फोटोपुढे ठेवला. त्यातली आठळी वहिनींनी धुऊन माझ्या हातावर ठेवली. परत आल्यावर जुन्या आंब्याच्या जागी ती लावली आहे. आज अठरा दिवस झाले... रोज सकाळी जाऊन उकिडवा बसतो. अजून कोंब नाही. थांबलोय.