साडूंची किटली

आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, स्वस्तातली वस्तू कधीच घेत नाहीत. ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि मी कोल्हापुरात हायस्कूलला शिकवतो. त्यांच्या पगारावर मी जळत नाही. तसं जळायचं ठरवलं तर निम्म्या गावावर जळावं लागेल. मी जळतो त्यांच्या छत्रीवर. माझी छत्री रंकाळ्यावरच्या वाऱ्यात एकदा उलटी झाली की घरी नुसत्या काड्या येतात. त्यांची छत्री माझ्या लग्नात होती, तीच अजून आहे. त्यांच्या घरचं नेलकटरसुद्धा धारदार आहे. आमच्या नेलकटरनं नख तुटत नाही, नुसतं वाकतं.

"एकदाच घ्यायचं, पण चांगलं घ्यायचं," असं ते म्हणतात. हळू आवाजात म्हणतात, आणि त्याचाच जास्त राग येतो. जरा मिरवले असते तर मला तोंड सोडता आलं असतं. त्यात आमची बायको घरातल्या प्रत्येक मोडक्या वस्तूपाशी उभी राहून म्हणते, "दाजींचं बघा." मी बघतोच. बघून बघूनच तर ही अवस्था झाली आहे.

किटलीचं प्रकरण गेल्या दिवाळीत सुरू झालं. आमचे सासरे कोडोलीत असतात. त्यांना आम्ही मामा म्हणतो. दारात म्हशी आहेत, आणि सकाळ-संध्याकाळ किटलीत दूध घेऊन ते गल्लीच्या उताराखाली असलेल्या डेअरीत घालायला जातात. वय झालंय, हात थरथरतो, पण हे काम ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर त्यांची जुनी किटली उतारावर हातातून सुटली, दूध सांडलं आणि त्याच दुधावरून पाय घसरून मामा पडले. हाड वाचलं, पण मनगट चांगलंच सुजलं. आता नवी किटली आणायची हे सगळ्यांनी ठरवलं.

या वेळी साडूंच्या आधी पोचायचंच, असं मी ठरवलं. महाद्वार रोडवरून ॲल्युमिनियमची चकचकीत किटली घेतली आणि सुट्टी लागली त्याच दिवशी कोडोली गाठली. मामांनी ती हातात धरून पाहिली आणि म्हणाले, "हलकी हाय. बरी हाय." मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी साडू आले. त्यांची किटली जाड स्टीलची, हाताला रुतू नये म्हणून मूठ रुंद, झाकणाला पक्की कडी. उलटी धरली तरी थेंब गळत नव्हता. घरातल्या प्रत्येकानं तिला टिचकी मारून पाहिली. मग शेजारची माणसं येऊन टिचकी मारून गेली.

"पावणं, ही वस्तू म्हंजे वस्तू हाय बघा," मामा म्हणाले.

साडूंना ते पावणं म्हणतात. मला मास्तर म्हणतात. "मास्तर, तेवढी वैरण टाका की म्हशीस्नी," असं. साडूंना वैरण टाकायला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ते खुर्चीवर बसतात आणि त्यांना चहा येतो.

माझी किटली आता मोरीत जाणार हे मी धरूनच चाललो. रुसून संक्रांतीपर्यंत कोडोलीला फिरकलो नाही. शाळेत काम आहे म्हणून सांगितलं. बायकोला खरं कारण माहीत होतं.

संक्रांत झाल्यावर मुक्कामाला गेलो. सकाळी लवकर जाग आली तर मामा डेअरीला निघाले होते आणि त्यांच्या हातात माझी किटली! जागोजागी चेपलेली, झाकण सैल झालं म्हणून वर फडकं बांधलेलं, पण माझीच. मला इतका आनंद झाला की स्वेटर उलटा घालून मी त्यांच्या मागे धावलो.

"मामा, ती स्टीलची कुठाय?"

"कपाटात."

"का? चांगली नाही?"

"चांगली हाय म्हणूनच कपाटात हाय की! लई भारी वस्तू. डेअरीत रांगंत ठिवायची, कोण लाथ मारंल, कोण उचलून न्हील. त्यापेक्षा ही तुमची बरी. आपटली काय आन् हरवली काय, जिवाला लागत न्हाय."

जिवाला लागत न्हाय! माझा सगळा आनंद तिथंच विरला. तेवढ्यात आम्ही उताराला लागलो. मामांच्या हाताला हिसका बसला, फडक्याखालचं झाकण निसटलं आणि दूध त्यांच्या धोतरावर, चपलेवर सांडलं. त्यांचा पाय सरकला तसा मी त्यांचा दंड धरला. थंडीनं आणि भीतीनं त्यांचा हात लटपटत होता.

"काय न्हाय वो, रोजचंच हाय," असं म्हणून त्यांनी फडकं पुन्हा बांधलं.

ते 'रोजचंच' माझ्या डोक्यातून जाईना. मी सांगून पाहिलं, मामींनी सांगितलं, बायकोनं फोनवरून सांगितलं. मामांचं एकच, "पावण्यांनी एवढ्या मायेनं दिलीया. पोचा पडला तर त्यास्नी तोंड कसं दावू?"

आमच्या घरांतून हे असंच चालतं. रोज वापरायला म्हणून चांगली वस्तू घ्यायची, आणि चांगली आहे म्हणून ती वापरायची नाही. साडूंनी दिलेली चादर आमच्याही घरात ट्रंकेत आहे आणि आम्ही गोळे आलेल्या चादरीवर झोपतो. जास्त पैसे टाकून चांगलं घेतलेलं परवडतं का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, आधी ते कपाटातून बाहेर काढा. आणि हे सगळं समजूनही माझी जळजळ कमी झाली नाही. त्यांची किटली कपाटात बसून भाव खात होती आणि माझी म्हाताऱ्या माणसाला रोज भिजवत होती.

चैत्रात गावची यात्रा आली. मटणाचा रस्सा, सोप्यात पाहुण्यांची पंगत, अंगणात पोरांचा दंगा. जेवणं उरकत आली तशी मामांनी हाक मारली, "मास्तर, थोरल्या पावण्यांची ती किटली आणा की. ह्यास्नी दावूया."

मी कपाट उघडलं. किटलीवर अजून प्लॅस्टिकची पिशवी होती. ती काढली तर स्टीलमध्ये माझं तोंड दिसलं, रुंद आणि रागीट. किटली घेऊन सोप्याच्या दगडी पायरीशी आलो. मला तो उतार आठवला, तो लटपटता हात आठवला. छत्रीही आठवली, खोटं कशाला बोलू. मी किटली उचलली आणि पायरीच्या कोपऱ्यावर आपटली.

पंगतीतल्या सगळ्या माना वळल्या. बाहेर पोरंसुद्धा थांबली.

"अवो मास्तर!" मामा उठलेच. "डोळं हायती का न्हाईत? तुमास्नी मास्तर केलं कुणी?"

"हातातून सुटली," मी म्हणालो.

साडू बरोबर समोर बसले होते. सुटलेली वस्तू कशी पडते आणि आपटलेली कशी, हे त्यांना कळणारच. हात धुताना ते माझ्या शेजारी आले, माझ्या हातावर पाणी ओतलं आणि हळूच म्हणाले, "बरं केलासा. मला न्हाई सुचलं."

ते चिडले असते तर मला किती बरं वाटलं असतं! या बाबतीतही ते चांगलेच निघाले.

मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण पोचा पडलेली वस्तू कपाटात ठेवून करायचं काय? त्याच आठवड्यापासून ती किटली डेअरीला जायला लागली. आता दूध सांडत नाही आणि मामा उतारावरून सरळ चालतात. माझ्या किटलीत म्हशीचं आंबवण, म्हणजे पेंड-भुसा, भिजतं. डेअरीच्या रांगेत कुणी विचारलं की मामा किटली वर उचलून सांगतात, "थोरल्या पावण्यांनी दिलीया. लई भारी वस्तू." आणि पोचा कशाचा असं विचारलं की म्हणतात, "त्यो आमच्या मास्तरांचा."

खरं तर एक हलका ठोका पुरला असता. मी मारला तो हलका नव्हता. त्या किटलीवर माझं म्हणावं असं तेवढंच आहे, आणि कोडोलीला गेलो की मी त्यावरून एकदा हात फिरवून येतो.