आईच्या खोलीची वेगळी लाइन

"या लाइनीवर आणखी काय काय हाये?" चपला काढायच्या आधी आमचा वायरमन हे विचारायचा. नुसता बल्ब बदलायला बोलावलं तरी हेच. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला बोलावताना आपणच जरा दबकतो. बुलढाण्याच्या आमच्या गल्लीत सगळे त्याला वायरमनभाऊच म्हणायचे.

उत्तर ऐकून त्याचं समाधान व्हायचं नाही. तो खोल्याखोल्यांतून फिरायचा, पलंगामागे वाकून बघायचा. शेजारच्या लग्नघरात गिझर चालू असताना कुणी इस्त्री लावलेली दिसली, तर त्याने ती काढूनच घेतली. नवरदेवाच्या मामांची पँट एका पायाला कडक, दुसऱ्या पायाला चुरगळलेली, तशीच मांडवात गेली. भार वाढला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका, एमसीबी, सारखा पडतो म्हणून कुणी "मोठा टाकून दे ना बे" म्हटलं, की हा पिशवीची चेन लावायला लागायचा.

"तो पडून राह्यला म्हंजे काम करून राह्यला. मोठा टाकला तर तो नाही पडणार, वायर जळंन."

त्यामुळे त्याची पुष्कळ कामं दुसऱ्यांकडे जायची.

आईला लकवा मारला त्या वर्षीची गोष्ट. तिची डावी बाजू गेली, वाचाही गेली. आमचं गाव घाटावर, थंडी हाडात शिरते, आणि डॉक्टरांनी खोली उबदार ठेवायला सांगितलेलं. मी गरम हवाही देणारा एसी घेतला. बसवणाऱ्यांनी तो जुन्याच लाइनीवर जोडून दिला. पौषात त्याची ऊब पुरेना, म्हणून जोडीला दोन हजार वॅटचा हिटर आणला. दोन्ही लावले की पाच-दहा मिनिटांत एमसीबी खाली.

वायरमनभाऊने बोर्ड उघडला. "एसीचे आठ अँपिअर, हिटरचे नऊ. सतरा झाले. एमसीबी दहाचा, अन् वायर बारीक, जुनी. हिटरले मीटरपासून वेगळी लाइन लागंन, जाड वायरची. भिंत फोडा लागंन."

"किती दिवस?"

"दोन. तवर एकच चालवा."

दोन दिवस धुरळा उडणार, तोवर आईला मी कुठे हलवणार होते? मोठा एमसीबी टाकून द्या म्हटलं. तो नाही म्हणाला. आई गोधडीत थंडीने कुडकुडत होती, आणि माझा तोल गेला. "तुमच्या घरी अशी आई असती, तर कळलं असतं तुम्हाला," मी म्हणाले.

त्याने बोर्ड बंद केला. पिशवी उचलली, आईकडे एकदा पाहिलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजारातून एकाला आणलं. त्याने हसत हसत पंचवीसचा टाकून दिला. खोली छान तापली, आई शांत झोपली. मी शिकवते त्या शाळेत इतर शिक्षिकांना सांगत सुटले, की अक्कल असली तर काम पाच मिनिटांचं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वायरमनभाऊ दारात. खांद्यावर वायरचं बंडल, हातात प्लॅस्टिकच्या पट्ट्या.

"बाई, दोन दिवस इचार करून राह्यलो. भिंत नाही फोडत. पट्टीतून वरून नेतो. मायले हालवा नाही लागत."

मी काही म्हणायच्या आत त्याला नवा एमसीबी दिसला. न विचारता त्याने मेन स्विच पाडला आणि आईच्या उशामागची, वायरींच्या जोडांची डबी उघडली. आतल्या वायरींचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन एकमेकींना चिकटलं होतं. डबीखालचा लाकडी ठोकळा काळा पडला होता, आईच्या केसांपासून वीतभर अंतरावर. ती ना उठू शकत होती, ना हाक मारू शकत होती. मी तिथेच खाली बसले.

मला वाटलं, आता हा बोलेल. तो एवढंच म्हणाला, "गरम पाण्याची पिशवी द्या मायले. सांजपर्यंत होते."

दिवसभर तो शिडीवर होता. संध्याकाळपर्यंत जळालेली वायर बदलून दोन्ही लाइनी वेगळ्या झाल्या, प्रत्येकीला तिच्या बेताचा एमसीबी लागला. एसी आणि हिटर लावून तो अर्धा तास आईजवळ बसून राहिला. मी चहा केला, दिला. माफी मात्र मागितली नाही. उद्या मागू म्हणता म्हणता दोन हिवाळे गेले. दिवाळीनंतर तो आपणहून येऊन जोड तपासून जायचा, तेव्हाही शब्द फुटला नाही. लाज वाटायची, खरं सांगते.

यंदा दिवाळी झाली आणि तो आला नाही. चौकशी केली तर कळलं, पावसाळ्यातच काविळीने गेला.

त्याच्या घरी गेले. बायको दारात शेंगा फोडत बसली होती. मी कोण ते सांगितलं, तशी ती उठून उभी राहिली.

"माय कशा हायेत तुमच्या? थंडी पडली का आमचे हे म्हणत, बाईच्या मायची खोली पाहून येतो. ह्यायनं सोताच्या मायचं तोंडच नाही पाह्यलं ना. बाळंतपणातच गेली ती. त्या दिवशी तुम्ही चहा ठेवाले आत गेल्या, तवा तुमच्या मायनं ह्यायचा हात धरला म्हणे. सोडतच नव्हत्या. लय दिवस सांगत होते मले."

माफी मागायला गेले होते, ती राहूनच गेली.

"आई बरी आहे," मी म्हणाले. "उबेत आहे."