टंकी खाली रखना

महिपतराव काट्यांना आपल्या हिंदीचा फार अभिमान होता. चार पिढ्या ग्वाल्हेरीत गेलेल्या, घरात मराठी आणि उंबरठा ओलांडला की हिंदी. दाल बाजारातले व्यापारीसुद्धा आपलं बोलणं ऐकून गार होतात, असं ते बायकोला सांगत. प्रत्यक्षात ते हिंदी शब्द घेऊन मराठीच बोलत. बाजाराला त्याची सवय झाली होती. ज्याला हसायचं असेल तो महिपतराव पुढे गेल्यावर हसे.

मुरारला दरबारच्या फौजेचा मोटारखाना होता तेव्हा महिपतराव तिथले मुख्य मिस्त्री होते. मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, फौज देशाच्या सैन्यात गेली आणि कोणाला ठेवायचं, कोणाला घरी पाठवायचं याची छाननी झाली. महिपतरावांना इंग्रजी कागद वाचता येईना, म्हणून ते घरी आले. त्यांच्या हाताखालचा दौलतसिंह भिंडकडचा ठाकूर; कमी बोलणारा, हाताला नेमका. त्याला ठेवून घेत होते. तो म्हणाला, "उस्ताद नहीं, तो मैं भी नहीं," आणि यांच्यामागून बाहेर पडला.

ही गोष्ट महिपतराव कोणाला सांगत नसत. दौलतसिंहही नाही. दोघांनी दाल बाजाराच्या मागे पत्र्याची शेड घेतली आणि सैन्याने लिलावात काढलेल्या जुन्या मोटारसायकली दुरुस्त करत पाच वर्षं काढली.

छप्पन सालच्या ऑक्टोबरात सदाशिवराव आले. गोरखी वाड्याजवळच्या कचेरीत ते शिक्षण खात्याचे हेडक्लार्क. एक नोव्हेंबरला मध्य भारत संपून नवा मध्य प्रदेश होणार होता, राजधानी भोपाळला, आणि खातंही तिकडेच जाणार होतं. कचेरीत फायलींच्या पेट्या खिळे ठोकून तयार होत्या. सामान रेल्वेनं धाडून आपण मोटारसायकलवरून भोपाळ गाठायचं, असं सदाशिवरावांच्या मनानं घेतलं होतं.

"महिपतराव, मशीन गरम होऊन राहिली आहे हो," ते म्हणाले. "शिवपुरीच्या चढाला तर पाय भाजतो. कोणी म्हणतं ऑइल कूलर बसवा, तेल थंड राहतं. तुमचं काय म्हणणं?"

महिपतरावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून दौलतसिंह बोलला, "ज़रूरत नहीं है साहब. ये हवा से ठंडा होने वाला इंजन है. पंखों में मिट्टी भरी है, साफ कर देंगे. तेल बदल देंगे. बस."

तो बोलला त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. महिपतरावही तेच सांगणार होते. सिलिंडरवरचे ते पत्र्यासारखे पंखे मातीनं बुजले होते, हे त्यांना गाडी दारात आली तेव्हाच दिसलं होतं. पण गिऱ्हाइकानं उस्तादाला विचारावं आणि उत्तर हाताखालच्यानं द्यावं? दौलतसिंह "बसवा" म्हणाला असता, तर हे "मुळीच नको" म्हणाले असते. माणसाची अक्कल कधी कधी अशी समोरच्याच्या तोंडाकडे बघून चालते.

"बसवू या," महिपतराव म्हणाले. "लांबचा पल्ला आहे. मी स्वतः बनवतो."

सदाशिवराव खूश झाले. जाता जाता म्हणाले, "भोपाळला सरकारी मोटार गॅरेज निघतंय. तिथले साहेब माझ्या ओळखीचे आहेत. दौलतसिंहासाठी शब्द टाकीन म्हणतो. पक्की नोकरी, पेन्शन." दौलतसिंहानं हात पुसले आणि नमस्कार केला. त्याच्या दोन मुली लग्नाच्या होत्या.

महिपतरावांनी कूलरसाठी तांब्याची नळी तांबटाकडे वेटोळी करायला टाकली. शनिवारी सकाळी ती आणायला निघताना ते गाडीजवळ उभे राहिले. कूलरची पट्टी पुढच्या दांड्याला आवळायची, तर पेट्रोलची टाकी उतरवायला हवी होती. ती उतरवून खाली ठेवावी म्हणून ते दौलतसिंहाला म्हणाले, "मैं आता हूँ. टंकी खाली रखना."

हिंदीत खाली म्हणजे रिकामी. आणि त्या गाडीला टाक्या दोन होत्या, एक पेट्रोलची, दुसरी सीटखाली तेलाची. काम तेलाच्या नळीचं. दौलतसिंहानं तेलाची टाकी रिकामी केली, तेल तुपाच्या डब्यात काढून झाकण लावून दाराआड ठेवलं, आणि मुलीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांकरता ठरल्याप्रमाणे दुपारी घरी जायची तयारी केली.

महिपतराव परत आले तर पेट्रोलची टाकी जागच्या जागी. "एक काम सांगितलं तर होत नाही," ते मराठीत पुटपुटले. आपण सांगितलं काय आणि यानं ऐकलं काय, हे विचारायची ती वेळ होती. विचारलं नाही. टाकी स्वतः उतरवली आणि नळ्या जोडायला बसले. निघताना दौलतसिंह दारात थांबला. "उस्ताद, तेल..."

"तेल का मुझे मत सिखा!"

तो गेला. वेटोळं मात्र झकास बसलं. पितळी पॉलिश लावून महिपतरावांनी ते असं चमकवलं की रस्त्यानं जाणारे थांबून बघत. संध्याकाळी सदाशिवराव गाडी घेऊन गेले.

रविवारी दुपारी गाडी दगडाच्या ट्रकमधून परत आली. शिवपुरी रस्त्यावर, पनिहार गावाच्याही अलीकडे, इंजिन चालता चालता जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि सदाशिवराव रस्त्यावर फेकले गेले. कोपर सोलवटलं होतं, धोतर फाटलं होतं. दौलतसिंहानं धावत येऊन गाडी उतरवून घेतली. महिपतरावांनी तेलाच्या टाकीचं झाकण फिरवलं आणि बोट आत घातलं. बोट कोरडं बाहेर आलं.

त्यांची नजर दाराआडच्या डब्यावर गेली, आणि त्यांना सगळं कळलं. शनिवारचं आपलं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. त्यांच्या हिंदीवर आजवर लोक हसले असतील, पण कोणी रस्त्यावर पडलं नव्हतं.

"टाकीत तेलच नाही?" सदाशिवराव ओरडले. "हे केलं कोणी?"

महिपतराव म्हणाले, "टाकी दौलतनं खाली केली."

वाक्य खरं होतं. तीच तर त्याची गोम होती. दौलतसिंहाला मराठी बोलता येत नसलं तरी इतक्या वर्षांत समजायला लागलं होतं. त्यानं उस्तादांकडे पाहिलं आणि वाट पाहिली. पुढचं वाक्य येईल असं त्याला वाटलं असावं. महिपतराव पान्याला न लागलेलं तेल पुसत बसले.

"असल्या माणसासाठी मी भोपाळला शब्द टाकणार होतो!" सदाशिवराव म्हणाले आणि टांग्यात बसून गेले. दौलतसिंहानं आपले पाने फडक्यात बांधले. ते गाठोडं उचलून तो मुरारच्या रस्त्याला लागला. भांडला नाही, आणि तेच महिपतरावांना सोसेना.

घरी उषाताईंनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेतलं म्हणजे महिपतरावांनी सांगितलं तेवढं. त्या भाजी चिरायच्या थांबल्या.

"तुम्ही त्याला काय सांगितलं होतं? नेमके शब्द सांगा."

"टंकी खाली रखना."

उषाताईंचं माहेर इथलंच, गल्लीत हिंदी बोलतच वाढलेल्या. त्यांना दुसरं काही विचारावं लागलं नाही. "मग त्यानं तुमचंच ऐकलं की हो," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा विळीकडे वळल्या.

पुढचे दहा दिवस महिपतरावांनी एकट्यानं इंजिन उघडलं, पिस्टन बदलला, पंख्यांतली माती तारेच्या ब्रशनं काढली. वेटोळं उतरवून ठेवलं. शिवपुरीचा चढ दोनदा चढून पाहिला. गाडी एकदाही तापली नाही. जे दौलतसिंहानं एका दमात सांगितलं होतं, ते कळायला एक इंजिन आणि एक माणूस खर्ची पडला. रोज सकाळी ते गोरखीकडे जायला निघत आणि कोपऱ्यावरून परत फिरत. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. पन्नाशी उलटलेल्या, मोटारखान्यात मान असलेल्या माणसानं जाऊन म्हणायचं काय, की मला हिंदी येत नाही?

एकतीस तारखेला खातं हललं. गाडीचा भरवसा उडालेले सदाशिवराव रेल्वेनंच निघाले होते. महिपतराव स्टेशनवर पोचले तेव्हा अर्धी कचेरी प्लॅटफॉर्मवर पेट्यांवर बसली होती. त्या सगळ्यांदेखत ते बोलले. टाकी कोणती सांगायची होती, सांगितली कशी गेली, दौलतसिंह तेलाचं विचारत होता तेव्हा आपण त्याला कसं गप्प केलं. "आणि कूलरची गरजही नव्हती," ते म्हणाले. "तो म्हणाला म्हणून मी उलट बोललो."

एक कारकून फिसकन हसला. सदाशिवराव हसले नाहीत.

"त्या दिवशी का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि आज?"

"आजही वाटतेय. जास्तच."

सदाशिवरावांनी पेटीवर कागद ठेवून गॅरेजच्या साहेबांच्या नावे चार ओळींची चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी हातात देताना ते म्हणाले, "तो माणूस माझ्या शिव्या खात गप्प उभा होता, महिपतराव. तुम्हाला वाचवायला." हे महिपतरावांना ठाऊकच होतं.

स्टेशनवरून ते थेट मुरारला गेले. दौलतसिंह दारात खाटेवर बसला होता. त्यानं उठून खाट मोकळी करून दिली, मुलीला पाणी आणायला सांगितलं. महिपतरावांनी चिठ्ठी दिली. वाटेत जुळवलेली हिंदी वाक्यं ऐन वेळी पळाली, आणि ते मराठीतच म्हणाले, "माझं चुकलं रे. मी खोटं नाही बोललो, पण खरंही नाही बोललो. मला माफ कर."

"छोड़िए उस्ताद," दौलतसिंह म्हणाला. त्यानं चिठ्ठी वाचली, कपाळाला लावली आणि आतून गॅरेजच्या नोकरीचा, शब्द टाकण्याची गोष्ट निघाली तेव्हाच मागवलेला, छापील अर्ज आणला. चिठ्ठी त्याला टाचली. सुवाच्य अक्षरात त्यानं नाव, गाव, वय, मोटारखान्यातली वर्षं, सगळं भरलं होतं.

"सब भर दिया?" महिपतरावांनी विचारलं.

"हाँ. बस, जिससे काम सीखा उसका नाम..." त्यानं कागद पुढे केला. "वो खाली है."

महिपतरावांनी चष्मा लावला आणि कागदाच्या खालच्या बाजूला आपलं नाव शोधू लागले. तिथं फक्त सहीची जागा होती. एकदा शोधलं, पुन्हा शोधलं. मग कागदाच्या मध्यावर ती ओळ त्यांना दिसली, आणि तिच्यापुढची कोरी जागा.

"भर दूँ?" दौलतसिंहानं विचारलं.

महिपतरावांना मान वर करता आली नाही. "नको," ते म्हणाले. "खालीच राहू दे."