मागे तीन, मागे दोन

आमच्या बाबांनी सैन्याच्या हेलिकॉप्टरने पुरातून, समुद्रातून, कड्यांवरून चारशेच्या वर माणसं उचलून आणली, आणि त्यातल्या एकाचंही तोंड त्यांनी नीट पाहिलेलं नाही. वाचलेला माणूस दोरीवरून मागच्या दारात येतो आणि पायलट पुढे बसलेला असतो. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली काय चाललंय तेही त्याला दिसत नाही. ते दिसतं दारात पालथं पडून खाली बघणाऱ्याला. तो कानात सांगतो, "पुढे तीन, पुढे दोन, एक, थांब," आणि पायलट नाकासमोर बघत तेवढे मीटर सरकतो. एकवीस वर्षं बाबांच्या कानात एकच आवाज होता. त्या आवाजाचे मालक म्हणजे आमचे दारकाका.

याचे परिणाम आम्ही घरात भोगले. फोटो टांगायचा तर बाबा स्टुलावर चढून भिंतीला नाक लावून उभे, आणि आई मागून, "डावीकडे एक बोट... अर्धं... थांबा!" जरा मागे होऊन आपणच बघावं, हे या माणसाच्या डोक्यातच यायचं नाही. आई म्हणायची, "लग्नात मान वळत होती हो यांची. मी बघितलीय."

मग ते भिंतीचं प्रकरण झालं. काकांनी हौसेने अंगणाला नवीकोरी भिंत घातली होती. ती बघून बाबा निघाले, गाडी मागे घेऊ लागले, आणि काका सवयीने बोलायला लागले, "मागे तीन, मागे दोन..." 'थांब' आलं, पण भिंतीनंतर.

"वेळेवर बोलायला काय झालं होतं तुला?" बाबा ओरडले.

"गाडीला तीन आरसे असतात!" काका ओरडले.

झालं, अबोला सुरू. हवेत कामापुरते आकडे, आणि जमिनीवर उतरले की एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. महिन्याभरात काकांनी बदलीचा अर्ज टाकला. बाबांच्या निवृत्तीला चारच महिने उरले होते. त्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. "परक्या आवाजावर मी उडणार नाही," ते आईला म्हणाले. "त्यापेक्षा आत्ताच घरी बसतो." मला दोघांचा भयंकर राग आला होता. केस पिकलेली दोन माणसं, आणि भांडण कशावरून, तर चार विटांवरून!

अर्जावर सही व्हायच्या आदल्या दिवशी वादळ झालं. इंजिन बंद पडलेली एक होडी, तिच्यावर दोन मच्छीमार, आणि वाऱ्याने वाटेल तशी झुलणारी डोलकाठी. त्यांना उचलायला दोरीवर लोंबकळत होता बाबांच्याच तुकडीतला पाणबुड्या दादा. त्याच्याही कानात हेच बोलणं चालू असतं, म्हणून तर मला हे सगळं कळलं.

"पुढे तीन, पुढे दोन..." काका अडखळले. मग एकदम, "थांब, थांब! शिंक येतेय!"

हेलिकॉप्टर होतं तिथेच थांबलं. खाली दादा डोलकाठीपासून दोन हातांवर लटकलेला. सगळ्यांच्या कानात एक प्रचंड शिंक फुटली.

"झाली," काका म्हणाले. "पुढे एक. थांब."

दोन्ही मच्छीमार सुखरूप वर आले. तळावर उतरल्यावर काका कित्येक आठवड्यांनी बाबांच्या समोर येऊन उभे राहिले.

"त्या दिवशीही शिंकच आली होती," ते बुटांकडे बघत म्हणाले. "पण तू आरशात का नाही रे बघितलंस?"

बाबांना प्रश्नच कळला नाही.

"तू बोलत होतास ना," ते म्हणाले.

काकांनी हेल्मेटची काळी काच झटकन खाली ओढली आणि अर्ज परत मागायला तसेच कचेरीकडे निघाले. जाताना दारावर आपटले, असं पाणबुड्या दादा सांगतो.