शेवटाकडून वाचणारे जयवंतभाऊ

जयवंत पालव आमच्या दारात पहिल्यांदा उभे राहिले ते सासूबाईंचं खोकल्याचं औषध घेऊन. त्र्याऐंशीचा श्रावण होता. पंतनगरातल्या आमच्या बिल्डिंगसमोर जयंतीभाईंचं औषधांचं दुकान होतं आणि घरपोच औषधं द्यायला त्यांनी हा पंचेचाळिशीचा, किडकिडीत माणूस नुकताच ठेवला होता. बाटली माझ्या हातात दिली तरी माणूस हलेना. मला वाटलं, पाणी हवं असेल.

"वैनी, तुम्ही कॉलेज शिकलात ना? शेठ म्हणाला." त्यांनी खोक्यावरच्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं, तेही शेवटच्या अक्षरांवर. "ह्या शेपटाचा अर्थ काय?"

शब्द होता ब्राँकायटिस. मी म्हटलं, "आयटिस म्हणजे सूज, दाह. टॉन्सिलायटिस म्हणजे टॉन्सिल सुजणं. अपेंडिसायटिस म्हणजे..."

"म्हणजे पुढे जागा, मागे दुखणं."

इतकं नेमकं मला आमच्या सरांनीही सांगितलं नव्हतं. जयवंतभाऊंनी खिशातून एक छोटी वही काढली, मागच्या पानाकडून उघडली आणि दाराच्या चौकटीला टेकवून लिहून घेतलं.

मी बी.ए. झाले ती इंग्रजी घेऊन. त्यानंतर आठ वर्षांत त्या इंग्रजीचा उपयोग झाला तो मुलीच्या शाळेच्या चिठ्ठ्या वाचण्यापुरता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा आले तेव्हा मीच विचारलं, "आज कुठलं शेपूट?"

मग ते रोजचंच झालं. मी उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत बसायची, ते बाहेर जिन्याच्या पायरीवर टेकायचे, पाच-दहा मिनिटं. बोलता बोलता त्यांची हकीकत कळली. कणकवलीकडचे, सातवी पास. लालबागच्या एका गिरणीत वीस वर्षं फोल्डिंग खात्यात काढलेली. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. बायको विमला घरी चार माणसांचे डबे करायची, त्यावर घर चाललं होतं. जयंतीभाईंनी कामावर ठेवताना अट घातली होती, दिवाळीपर्यंत औषधं ओळखता आली तर काउंटरवर घेईन, नाहीतर कच्छहून माझा भाचा येतोच आहे.

"मग गावी जा म्हणतात सगळे," ते म्हणाले. "गावी दोन कलमं आणि तीन भाऊ. आंबा आधी कोणी खायचा यावरच मारामारी."

"पण शब्द शेवटाकडून का वाचता?"

"फोल्डिंगात तागा घडी होऊन आला की माल कुठला ते शेवटच्या टोकावर छापलेलं असायचं. आमचा मुकादम म्हणायचा, वरचा पदर सगळ्यांचाच गोरा, टोक उलटून बघ. वीस वर्षं तेच केलं. आता डोळा आपोआप तिथंच जातो."

मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर मीही तसंच बघायला लागले. झुरळांच्या औषधाचा डबा त्यांनी दाखवला तेव्हा 'साइड' म्हणजे मारणारं हे मी सांगितलं, इन्सेक्टिसाइड, जर्मिसाइड. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "मग सुसाइड?" मी अर्थ सांगितला. वही मिटून ते उठले. "आमच्या खात्यात महादू होता," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हलकंसं काही काढावं म्हणून 'लेस' काढला. म्हणजे नसलेलं, बिनाचं. त्यावर म्हणाले, "तो संपात शिकलो, वैनी. जॉबलेस. आणि युजलेस शेठ रोज शिकवतो."

एकदा त्यांनी 'सिलिन' विचारला. मी म्हटलं, "हा काही डिक्शनरीतला शब्द नाही हो, औषधांच्या नावात असतो. मला माहीत आहे तो आमच्या मुलीमुळे, अनुमुळे. तीन वर्षांची असताना पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, तर अंगभर गांधी उठल्या आणि ओठ सुजले. तेव्हापासून आमच्या घरात ते इंजेक्शन बंद." त्यांनी तेही लिहून घेतलं. मला वाटलं, किती बारीकसारीक लिहितो हा माणूस.

गणपती गेले आणि अनुपमाला ताप भरला. घसा लालभडक, आवंढा गिळता येईना. आमचे नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी गेले होते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसत होते. त्यांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. मी तिला सासूबाईंजवळ ठेवून संध्याकाळी दुकानात आले, तर तिथे ही गर्दी. जयंतीभाईंनी पट्टी काढून जयवंतभाऊंकडे टाकली. "हे बांध, आठ गोळ्या."

जयवंतभाऊंनी पट्टी उलटी केली. वरचं मोठं नाव सोडून त्याच्याखालची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरून वाचली आणि पट्टी काउंटरवर पालथी ठेवली.

"शेठ, हे सिलिन आहे."

"तर? डॉक्टरने लिहिलंय. बांध ना, माणसं उभी आहेत."

"वैनींच्या छोकरीला सिलिन चालत नाही."

जयंतीभाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, चार वर्षांपूर्वी पोरीचे सुजलेले ओठ स्वतः पाहिलेली मी, म्हणाले, "अहो, ते इंजेक्शन होतं. ही गोळी आहे. द्या लवकर, ती घरी तापाने फणफणलीय." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणाले, "डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का, जयवंतभाऊ?"

मागून कोणीतरी हसलं. जयंतीभाई वैतागले. "बघ जयवंत, गिऱ्हाइकाला अडवायचं असेल तर उद्यापासून येऊ नको. भाच्याला तार करतो मी."

जयवंतभाऊ एरवी मुंबईचंच मराठी बोलत. त्या दिवशी तोंडून मालवणी निघालं. "नाय शेठ. ह्यां मी देवचंय नाय." चेहरा उतरला होता, पण पट्टीवरचा हात काही त्यांनी काढला नाही. दुसऱ्या हाताने खिशातली वही काढली, मागून उघडली आणि आम्हा दोघांच्या मध्ये ठेवली.

पानावर वर मोठ्या अक्षरांत 'सिलिन'. त्याखाली लिहिलं होतं, "शेठ सांगतो – सिलिन सगळे एका आईचे. गोळी, सुई, पातळ, सगळे तेच." आणि त्याखाली, "वैनी सांगतात – अनुपमा, गांधी, ओठ."

जयंतीभाईंना मुलीला तेव्हा काय झालं होतं ते माहीत नव्हतं. मला सिलिनांचं माहीत नव्हतं. दोन्ही गोष्टी एका पानावर फक्त या माणसाकडे होत्या.

जयंतीभाई फोनकडे गेले. डॉक्टर फोनवर मिळाले. मुलीला पूर्वी असं झालं होतं हे मी सांगायला हवं होतं, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यांनी दुसरं औषध सांगितलं. जयंतीभाईंनी नवी पट्टी काढली ती माझ्याकडे न देता आधी जयवंतभाऊंकडे दिली.

त्यांनी उलटून पाहिली. "मायसिन. हे घराणं वेगळं," म्हणाले आणि बांधून दिली.

अनु चार दिवसांत उड्या मारायला लागली. मी नारळाच्या वड्या घेऊन दुकानात गेले, तर जयवंतभाऊ काउंटरच्या आतल्या बाजूला उभे होते. घरपोचची खाकी पिशवी खिळ्याला टांगलेली. दिवाळीला अजून महिना होता. मी जयंतीभाईंकडे पाहिलं तर ते म्हणाले, "बेन, भाच्याला मुंबईची हवा मानवत नाही." कच्छहून न आलेल्या भाच्याला.

"मी त्या दिवशी फार लागट बोलले," मी जयवंतभाऊंना म्हटलं.

"पोर तापलेली असताना आई आणि काय बोलणार, वैनी," ते म्हणाले आणि वडी तोंडात टाकली. "साखर थोडी कडक झालीय."

मी त्यांच्यासाठी माझी कॉलेजची डिक्शनरीही नेली होती. त्यांनी आदराने हातात घेतली, चार पानं उलटली आणि परत केली. "चांगली आहे. पण ही पुढून सुरू होते."

म्हणून मग त्या वर्षी दिवाळीच्या फराळाच्या मधे मधे मी एक दोनशे पानी वही भरायला घेतली. डिक्शनरी चाळून एका शेपटाचे शब्द एका पानावर, अर्थासकट. आठ वर्षं पडून असलेल्या माझ्या बी.ए.ला त्या माणसाने असं काम दिलं, हे उपकार मला पोरीवरच्या उपकारांइतकेच वाटतात. दुकानात ठेवायची वही म्हणून मागची निम्मी पानं कोरी ठेवली, ज्याला जे औषध चालत नाही त्याचं नाव लिहायला. त्यातलं पहिलं नाव मी माझ्या हाताने लिहिलं. सिलिन, अनुपमा.

जयवंतभाऊंनी ते वाचलं आणि वही पुन्हा माझ्याकडे सरकवली.

"बिल्डिंग नंबर पण लिवा, वैनी. उद्या दुसरी अनुपमा येईल."