सुधरलेला चेहरा

आमच्या आसगावात जाड झालेल्या माणसाला कुणी जाड म्हणत नाही, ‘सुधरला’ म्हणतात. सांधेदुखीसाठी भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आणि दोन-तीन महिन्यांत मी अशी काही सुधरले, की ब्लाउजचे हूक लागेनात. चेहरा तर टरारलाच.

भुकेचं विचारूच नका. सकाळी भात-वरण झालं, की दुपारी चारला पुन्हा ओट्याशी उभी राहून लाखोरीच्या डाळीचे वडे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई मी. स्वतःचीच लाज वाटायची. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. तिच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात, म्हणजे ‘पुरे आता’ असा मेंदूला निरोप. या गोळ्यांनी तो निरोप उलट वाढतो, पण मेंदूच दाद देत नाही. आणि गोळी मनानं बंद करायची नाही, हेही त्यांनी बजावलं. जन्मभर मी पोरांना ग्रंथी शिकवल्या. चरबीही बोलते, हे मला साठीनंतर कळलं.

पुण्याची माझी एकुलती लेक संक्रांतीला पंधरा दिवस येणार होती. तिचे बाबा गेल्यापासून आई वाळत चालली, म्हणून. मी दिवस मोजत होते. तर व्हिडिओ कॉलवर माझे गाल पाहून ती हरखली. आई चांगली सुधरली, आता काळजी मिटली, सुट्टी उन्हाळ्यासाठी ठेवते म्हणाली. मी बरं म्हटलं. गोळ्यांचं मीच लपवलं होतं ना! फोन ठेवला आणि ढसाढसा रडले.

मग डोक्यात खूळ शिरलं. गोळी सोडली तर गाल उतरतील, गाल उतरले तर लेक येईल. दोन दिवस गोळ्या डब्यातच राहिल्या. तिसऱ्या दिवशी अंगणात चक्कर येऊन पडले. तलावाच्या मासोळ्या विकून परतणाऱ्या शेजारणीनं मला खाटेवर निजवलं आणि खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

“बाई, गोळी खा पयले,” ती म्हणाली. “अन् पोरीले तोंडानं सांगा ना. कायले लपवून राहिल्या?”

गोळी घेतली. डॉक्टरीणबाईंना फोन करून बोलणी खाल्ली. मग लेकीला लावला. पडद्यावर पुन्हा तोच टरारलेला चेहरा.

“जेवली का आई?”

“जेवली. दोनदा जेवली. हा चेहरा गोळ्यायनं सुजला आहे, पोरी. मले करमत नाही. तू ये.”

तिनं हळूच विचारलं, “कधीपासून?”

गोळ्यांची तारीख मी सांगितलीच नाही.

“तुझे बाबा गेले तेव्हापासून,” म्हटलं.