स्वयंपाकघरातली विहीर

रेघकाकांचं खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. नकाशा कार्यालयात एकतीस वर्षं त्यांनी रेघा ओढल्या आणि त्यातली एकही कधी केसभर ढळली नाही, म्हणून ते रेघकाका. त्यांच्या बायकोला मात्र या गुणाचं तितकंसं कौतुक नव्हतं. "घरात खिळा ठोकायचा तर आधी पट्टी, मग पेन्सिलीची खूण, मग पुन्हा पट्टी. तोवर कॅलेंडरवरचा महिना उलटतो," असं ती शेजारणीला सांगे.

कार्यालयाची एक रीत होती. नकाशात चूक सापडली की त्याला लाल काठाची दुरुस्तीची चिठ्ठी जोडायची आणि खाली चूक करणाऱ्याने सही करायची. तो माणूस निवृत्त झाला की निरोपाच्या सभेत त्याच्या चिठ्ठ्यांचा आकडा सगळ्यांसमोर वाचायचा. मागच्या साहेबांचा आकडा दोनशे अकरा निघाला, तेव्हा हेडक्लार्कने बरोबर त्याच क्षणी टाळ्या सुरू करून दिल्या आणि तो कुणाला ऐकूच आला नाही. रेघकाकांचा आकडा शून्य होता. वाऱ्यातून दिवा न्यावा तसं हे शून्य त्यांनी ओंजळीत धरून आणलं होतं. सभा दोन महिन्यांवर आली होती.

नेमका तेव्हाच त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आला. जुने कागदी नकाशे आधीच स्कॅन झाले होते. काकांनी ते एकेक करून स्क्रीनवर उघडायचे आणि त्यावरच्या घर, झाड, विहीर अशा खुणा माउसने पक्क्या करायच्या. ठिपका म्हणजे विहीर. मूळ कागद तळघरात सीलबंद, आणि ते बघायचे तर तीन प्रतींत अर्ज.

टेबल खिडकीपाशी. पहिल्याच आठवड्यात उजेडाला भुललेलं एक चिलट, तिळाच्या चतकोराएवढं, स्क्रीनच्या मागच्या फटीतून आत शिरलं आणि काचेआडून नकाशावर फिरू लागलं. काकांनी फुंकर मारली, रुमालाने पुसलं. शेवटी अंगठ्याने दाबलं. चिलट चालायचं थांबलं. गेलं एकदाचं, असं समजून काका चहाला उठले.

दुसऱ्या दिवशी नवा नकाशा उघडला, तर त्यावर एक ठिपका. काकांच्या गुरूंनी त्यांना शिकवलं होतं, "कागदावर ठिपका उगाच पडत नसतो. कुणीतरी उन्हात पायपीट करून तो टाकलेला असतो." काकांनी मनोमन त्या अनोळखी माणसाला हात जोडले आणि विहीर पक्की केली. पुढच्या नकाशातही विहीर होती. त्याच्या पुढच्याही. 'जुन्या लोकांना पाण्याची काय दृष्टी होती!' काकांना भरून आलं.

अशा चौदा विहिरी झाल्या.

निवृत्तीला आठ दिवस असताना शिवणकाम करणारी एक बाई कार्यालयात आली. गळ्यात टेप, हातात नामंजूर झालेला अर्ज. तिला घरामागे मशीनसाठी एक खोली बांधायची होती.

"साहेब, माझ्या स्वयंपाकघरात विहीर आहे म्हणे," ती हेडक्लार्कला म्हणाली.

"रेकॉर्डवर आहे म्हणजे आहे. विहिरीला लागून बांधकाम करता येत नाही."

"अहो, पण विहीर असती तर मी दोन हंडे घेऊन नळावर कशाला भांडले असते?"

"मग विहीर नसल्याचा दाखला आणा."

"तो कुठे मिळतो?"

"इथेच." हेडक्लार्कने फॉर्म पुढे सरकवला. "त्यात विहिरीची खोली लिहा. तो रकाना रिकामा सोडायचा नाही."

बाईने फॉर्म बघितला, हेडक्लार्कला बघितलं. "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून आणू?" ती म्हणाली.

काकांनी मान वर केली. नकाशा त्यांचा होता.

दुपारी ते पट्टी घेऊन तिच्या घरी गेले. नकाशाप्रमाणे मापं टाकत टाकत ते थेट तिच्या गॅसच्या शेगडीपाशी येऊन थांबले. शेगडीखाली फरशी, फरशीवर पिठाचा डबा. काकांनी डबा उचलून खाली बघितलं.

"आत पण बघा ना," बाई म्हणाली. "काल चाळलंय, पण विहीर निसटली असेल."

काकांचा चेहरा पडला. कार्यालयात परत येऊन त्यांनी तिचा नकाशा उघडला. ठिपका होता. मग त्यांनी दोन महिन्यांत कधी न केलेली गोष्ट केली: नकाशा माउसने धरून बाजूला ओढला. घरं सरकली, रस्ता सरकला, बाईचं स्वयंपाकघर सरकलं. विहीर जागच्या जागी.

काका बराच वेळ ओढत राहिले. डावीकडे, उजवीकडे. सगळं गाव हलत होतं आणि चिलट काही हलत नव्हतं. त्यांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

हेडक्लार्कने सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. "काका, झाकली मूठ सव्वा लाखाची. विहीर होती, पण आता बुजवली, असं लिहू. चूक कुणाचीच नाही. तुमचं शून्यही शाबूत."

"आणि तिची खोली?"

"विहीर कुणी, कधी, किती मातीने बुजवली, एवढा पुरावा तिने आणला की लगेच. वर्षभरात होईल."

काका घरी आले. बायकोने विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं, सव्वा लाखाच्या मुठीसकट.

"शून्य हवंय का तुम्हाला?" ती भाजी निवडत म्हणाली.

"एकतीस वर्षं सांभाळलंय गं."

"मग सांभाळा. पण त्या बाईच्या शेगडीखाली ठेवून नका सांभाळू." तिने एक कुजकं पान बाजूला टाकलं. "आणि चिलटं दाबतं का कुणी? दिवा मालवायचा, बाजूला दुसरा लावायचा. आपण होऊन जातात. एकतीस वर्षं घरात बघताय."

सकाळी काकांनी तळघराचा अर्ज केला, तोही तीन प्रतींत. चौदा मूळ कागद भिंगाखाली घातले. एकावरही ठिपका नव्हता. मग त्यांनी लाल काठाच्या चौदा चिठ्ठ्या मागितल्या.

"कारण काय लिहिणार?" हेडक्लार्क वैतागला. "शाई सांडणे आहे, कागद फाटणे आहे, उंदराने कुरतडणे आहे. किडा नाही यादीत."

"उंदराच्या खाली जागा आहे," काका म्हणाले.

ते पाचवी चिठ्ठी लिहीत होते, तेवढ्यात स्क्रीनवर दुसरं चिलट दिसलं. जिवंत. नदी ओलांडून ते शाळेच्या दिशेने निघालं होतं. स्क्रीन बघायला बोलावलेला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला तिथेच उभा होता. त्याने सवयीने अंगठा पुढे केला.

काकांनी त्याचं मनगट धरलं. "मारू नका! मेलं तर विहीर होईल."

त्यांनी स्क्रीन बंद केली, खिडकीचा पडदा ओढला आणि मागच्या फटीपाशी टेबलावरचा दिवा लावला. सगळं कार्यालय हातातलं काम टाकून भोवती जमलं. तसं ते काम हातात नव्हतंच. पंधरा मिनिटांनी चिलट फटीतून बाहेर आलं आणि दिव्याभोवती घिरट्या घालू लागलं.

"हे निवृत्त झालं आपल्या आधी," काका म्हणाले आणि सहावी चिठ्ठी घेतली.

निरोपाच्या सभेत भाषणं झाली. आकड्याची वेळ आली तशी हेडक्लार्कने टाळ्यांसाठी हात उचलले. काका उठून उभे राहिले. "थांबा, ऐकू द्या," ते म्हणाले, आणि स्वतःच वाचलं, "चौदा."

हेडक्लार्कचे हात तसेच वर राहिले. मागच्या बाकावरून आवाज आला, "काका, वीट उतरवून आलेय. पाया उद्या खणतेय. पाणी लागलं तर कळवते!" शिवणाऱ्या बाईचा. सगळ्यात आधी काकांची बायको हसली.

पहिलं चिलट मात्र अजून आतच आहे. नवी स्क्रीन मागवल्याचा कागद सहीसाठी फिरतोय. तोवर स्क्रीनच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली आहे, केसभरही न ढळलेल्या अक्षरात: 'ही विहीर नाही.' विनापरवाना मजकूर म्हणून हेडक्लार्क ती काढायला निघाला होता. मग त्याने तिला जावक क्रमांक दिला.